माळावरचा लांडगा बघायचाय? मग निघायच्या आधी हे वाचा

दरवर्षी थंडी पडायला लागली की मला मेसेज सुरू होतात, "दादा, लांडग्याचं लोकेशन पाठव ना". कधी शाळेतला मित्र असतो, कधी मित्राच्या ऑफिसातला कोणीतरी ज्यानं नुकतीच हातभर लांब लेन्स घेतलीये आणि ती कुठंतरी वापरायचीये. लोकेशन मी कुणाला देत नाही, का देत नाही ते पुढे येईलच, पण लांडगा बघायचा कसा हे सांगायला माझी काहीच हरकत नाही, उलट तेच तेच टाइप करून कंटाळलोय म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय. हे सगळं पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माळांबद्दल आहे, म्हणजे सासवड-जेजुरीच्या पुढे सुपे, बारामती, दौंड, इंदापूर हा पट्टा, कारण गेली नऊ-दहा वर्षं मी तिथेच धूळ खातोय. विदर्भातलं किंवा मराठवाड्यातलं मला विचारू नका.

आधी प्राणी समजून घ्या. टीव्हीवर बर्फात पळताना दिसतो तो केसाळ लांडगा डोक्यातून काढून टाका. आपला लांडगा सडपातळ, लांब पायांचा, वीस-बावीस किलोचा, उन्हातान्हात राहणारा म्हणून अंगावर केस आखूड, आणि रंग असा की वाळलेल्या गवतात उभा राहिला तर समोर असून दिसत नाही. त्याच्या शास्त्रीय नावात 'पॅलिपेस' असा शब्द आहे, म्हणजे फिकट पायांचा, आणि हे नाव १८३१ साली विल्यम साइक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं दिलं तेच मुळी आपल्या दख्खनच्या लांडग्यावरून. म्हणजे हा जगाला माहीत झाला तो इथूनच. २०२१ मध्ये याच्या डीएनएवर अभ्यास आला, त्यात दिसलं की जगात आज जे करडे लांडगे आहेत त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या वंशांपैकी हा एक आहे. संख्या विचाराल तर देशभरात मिळून तीन हजारांच्या आसपास, म्हणजे वाघापेक्षाही थोडे कमीच भरतील. २०२५ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेनं भारतीय लांडग्याची पहिल्यांदा वेगळी नोंद घेतली आणि त्याला धोक्यात असलेल्यांच्या यादीत टाकलं. आपल्या वन्यजीव कायद्यात तो आधीपासूनच शेड्यूल एकमध्ये आहे, वाघाच्याच पंगतीत. फक्त वाघाला टायगर रिझर्व्ह आहे आणि याला गायरान.

हा मुद्दा नीट लक्षात घ्या कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आपले लांडगे बहुतेक अभयारण्याबाहेर राहतात, गायरानात, फॉरेस्टच्या तुकड्यांत, उसात, ज्वारीत, कालव्याच्या भरावात, कोणाच्या तरी पडीक रानात. सरकारी कागदावर माळ म्हणजे पडीक, म्हणजे काहीतरी करायला मोकळी जागा, मग तिथे एमआयडीसी येते, सोलर येतो, प्लॉटिंग येतं, आणि काहीच आलं नाही तर पावसाळ्यात बॅनर घेऊन झाडं लावायला माणसं येतात. माळाला झाडं नको असतात हो, त्याला मारवेल, पवन्या, कुसळी असली गवतं हवी असतात, अधूनमधून एखादा हिवर, बोर, तरवड, बास. असो, या विषयावर मी सुरू झालो की घरचे उठून जातात.

तर, जायचं कुठं. पहिल्यांदाच जात असाल तर सरळ वनविभागाच्या गवताळ सफारीला जा. २०२४ पासून इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळला ती सुरू आहे, ऑनलाइन बुकिंग होतं, स्थानिक गाइड बरोबर येतो, ठरलेल्या वाटांवरून गाडी फिरते. तुम्हाला वाटेल की हे टुरिस्टी आहे, मी स्वतःच फिरतो की, पण एक तर राखीव वनात परवानगीशिवाय घुसणं हा गुन्हा आहे आणि दुसरं म्हणजे गाइड गावातलाच पोरगा असतो, त्याला काल संध्याकाळी कुठल्या बाजूला काय दिसलं ते माहीत असतं, आणि तुमच्या पैशातला काही भाग त्याच्या घरी जातो म्हणजे उद्या लांडगा दिसला तर तो दगड मारणाऱ्याला अडवेल तरी. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य पण छान आहे, पाच चौरस किलोमीटरच जेमतेम, चिंकारा हमखास दिसतो, लांडग्याची खात्री नाही. लांब जायची तयारी असेल तर सोलापूरजवळ नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, तिथल्या लांडग्यांवर बऱ्याच वर्षांपूर्वी अभ्यासकांनी रेडिओ कॉलर लावून कामही केलंय. माळढोक पक्ष्याचं तिथे आता नावच उरल्यासारखं आहे पण लांडगा टिकून आहे.

जायचं कधी, हे जास्त महत्त्वाचं. दिवसातली वेळ सोपी आहे, उजाडायच्या आधी माळावर पोचा आणि ऊन तापलं की निघा, नाहीतर दुपारी चारनंतर जा. मधल्या वेळात लांडगा ग्लिरिसिडियाच्या प्लँटेशनमध्ये नाहीतर उसात सावलीला पडलेला असतो, तुम्ही डोकं भाजून घ्याल आणि परत येऊन म्हणाल की दिसतच नाही. वर्षातली वेळ मात्र नीट समजून घ्या. पाऊस संपता संपता जोड्या जमतात, मादीचे दिवस साधारण दोन महिन्यांचे, मग डिसेंबर-जानेवारीच्या आसपास पिल्लं होतात, कुठं थोडी आधी कुठं थोडी नंतर. ओढ्याच्या दरडीत, झुडपाच्या मुळाशी, कधी साळिंदराच्या जुन्या बिळात घर करतात. दोन आठवड्यांनी डोळे उघडतात, तीन-चार आठवड्यांत पिल्लं बिळाच्या तोंडाशी येऊन एकमेकांचे कान ओढायला लागतात आणि नेमकं हेच सगळ्यांना फोटोत हवं असतं.

आता माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वीचा जानेवारी, एका ग्रुपवर पिन आली, आम्ही चौघं पहाटे चारला निघालो. पोचलो तर आमच्या आधी दोन गाड्या उभ्या. ओढ्याच्या काठावर बीळ, पलीकडच्या अंगाला आम्ही, मधे फार तर साठ-सत्तर फूट. चार पिल्लं मोजली. काय आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. साडेसातच्या सुमारास मादी आली, लांब थांबली, आमच्याकडे बघितलं, डावीकडून वळसा घालून आली, परत थांबली, मग उजवीकडून. तिचं पोट भरलेलं दिसत होतं, ही मंडळी पोटात मांस घेऊन येतात आणि पिल्लांपुढे ओकतात, त्यावरच पिल्लं वाढतात. नऊपर्यंत ती चार वेळा आली आणि चार वेळा परत गेली. आम्ही काय केलं, तर ती "पोझ देतेय" म्हणून फोटो काढले. पुढच्या रविवारी गेलो तर बीळ रिकामं, तोंडाशी कोळ्याचं जाळं. तिथल्या एका मेंढक्यानं सांगितलं की तुम्ही गेला त्याच रात्री तिनं तोंडात धरून पिल्लं कालव्यापलीकडे नेली, त्यानं दोन नेताना बघितली. आम्ही चार मोजली होती. बाकीच्या दोघांचं काय झालं हे मी त्याला विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

म्हणून माझा नियम साधा आहे, नोव्हेंबर संपल्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत सफारीची ठरलेली वाट सोडून कुठेही पाय टाकायचा नाही. चुकून बीळ दिसलंच, पिल्लं दिसली, किंवा मोठा लांडगा तुमच्याभोवती घुटमळायला लागला, तर आल्या वाटेनं परत फिरायचं, फोटो न काढता. पिल्लू एकटं दिसलं म्हणजे ते अनाथ नसतं, आई खायला आणायला गेलेली असते, उचलून घरी आणायचा शहाणपणा करू नका. उसतोडीत असं बऱ्याचदा होतं, फडात पिल्लं सापडतात आणि दया येऊन लोक उचलतात. तिथेच ठेवा, लांब व्हा, १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनला फोन करा.

मग बघायला चांगला काळ कुठला, तर मार्च-एप्रिलची सकाळ, पाणी कमी झालेलं असतं आणि गवत बसलेलं असतं म्हणून लांबपर्यंत दिसतं. नाहीतर जून ते सप्टेंबर, तेव्हा त्या वर्षाची पोरं बऱ्यापैकी मोठी होऊन कळपाबरोबर फिरत असतात, माळ हिरवा असतो, आणि तेव्हाच मेंढपाळांचे वाडे, म्हणजे मेंढरं घेऊन मुक्काम करत फिरणारी कुटुंबंही परत आलेली असतात कारण दिवाळी झाली की बरेच जण कोकणात उतरतात ते पावसाच्या तोंडावर वर येतात.

आणि हे वाडे म्हणजेच तुमचं खरं गूगल मॅप. माळावर गेलात की लांडगा शोधायच्या आधी मेंढरं शोधा. गाडी लांब थांबवा, कळपात घालू नका, उतरून चालत जा, रामराम घाला, आणि लगेच प्रश्न विचारू नका, चहा दिला तर घ्या. मी पहिल्यांदा असाच गेलो होतो.

"काय पावणं, सकाळच्या पारी कुनीकडं?"

"लांडगा बघायला आलोय मामा."

मामा माझ्याकडे बघत राहिले, मग बायकोला हाक मारून म्हणाले, "आगं ऐकलं का, आपुन त्यो दिसू नये म्हनून रातभर जागतूय आन हे डिझेल जाळून त्याला बगाया आल्यात."

दोघं मनसोक्त हसले. हसून झाल्यावर मग सांगितलं की ओढ्याच्या पल्याड तीन दिवस जोडी आहे, बरोबर एक लंगडं आहे, आणि परवा एक कोकरू गेलं. मी विचारलं राग नाही येत का, तर म्हणाले, "येतू की. पर त्यानं तरी जायाचं कुटं, त्यो बी माळावरलाच." सगळेच असे नसतात, ज्याची एका रात्रीत सहा मेंढरं गेलीत तो तुम्हाला शिव्या घालेल, त्या निमूट ऐकून घ्या. पण कोणाचंही नुकसान झालेलं असेल तर "अहो पण किती सुंदर प्राणी आहे" असलं वाक्य तिथे बोलू नका, प्लीज.

ओळखायचा कसा. निम्म्या लोकांनी "लांडगा दिसला" म्हणून पाठवलेले फोटो कुत्र्यांचे असतात. शेपटी बघा, कुत्र्याची वर वळते, लांडग्याची खाली लोंबती, चालतानाही सरळ खालीच. पाय लांब आणि छाती अरुंद, पुढून बघितलं तर दोन्ही पाय जवळजवळ चिकटून आल्यासारखे. डोळे पिवळसर. आणि चाल, एकदा बघितली की विसरत नाही, एका लयीत, मान खाली, इकडं तिकडं न करता सरळ कुठंतरी कामाला निघाल्यासारखी. कोल्हा याच्या निम्माही नसतो, तोंड बारीक, अंगावर तांबूस झाक. तरस म्हणजे मागून उतरती पाठ आणि अंगावर पट्टे, त्यात गल्लत व्हायचं कारण नाही पण होते. आवाजाचं सांगायचं तर कोल्हेकुई म्हणजे सगळ्यांनी मिळून घातलेला गोंधळ, लांडगा एक सूर लांबवर धरतो, मग दुसरा त्यात मिसळतो, पहाटेच्या थंडीत ऐकलात तर मोबाइल काढायचं सुचणार नाही. मोबाइलवरून असला आवाज वाजवून त्यांना बोलवायचे उद्योग करू नका, त्यांना वाटतं परका कळप हद्दीत आला.

माती मऊ असेल तर ठसे बघा. ठसा कुत्र्यासारखाच पण लांबट, मधली दोन बोटं पुढे, नखं उमटलेली. एका ठशावरून सांगणं अवघड, माग बघायचा. लांडग्याचा मागचा पाय बऱ्याचदा पुढच्याच्याच ठशावर पडतो त्यामुळे ओळ सरळ जाते, गाडीवाटेच्या कडेनं दोरी धरल्यासारखी. कुत्र्याचा माग नागमोडी, प्रत्येक झुडपाशी थांबलेला. वाटेत केसांनी आणि हाडांच्या तुकड्यांनी भरलेली, वाळून पांढरी पडलेली विष्ठा मिळेल, काडीनंसुद्धा उकरू नका, त्यात जंत असतात जे माणसाला महागात पडतात.

आता एक गोंधळ वाढलाय तो म्हणजे संकर. याच पट्ट्यात काही वर्षांपूर्वी पिवळट, विचित्र रंगाचा एक लांडगा लोकांना दिसायला लागला आणि बघणाऱ्यांनीच शंका घेतली. मग पुण्याच्या द ग्रासलँड्स ट्रस्टनं बेंगळुरूच्या अत्री आणि एनसीबीएस या संस्थांबरोबर नमुने तपासले आणि २०२३ मध्ये जनुकीय पुराव्यानं सिद्ध झालं की इथे लांडगा आणि गावठी कुत्रा यांचा संकर झालाय, भारतात असा पुरावा पहिल्यांदाच मिळाला. जुना वंश असा पातळ होत गेला तर बंदूक न चालवताही लांडगा संपतो. शिवाय कुत्र्यांकडून रेबीज, डिस्टेंपर येतो तो वेगळाच, कळपच्या कळप आजारी पडू शकतो. म्हणून आपला लाडका टायसन घरी ठेवून या, आणि चिकनची हाडं, उरलेली बिर्याणी माळावर टाकू नका, त्यावर कुत्री जमतात. ज्यांच्या गावात हे माळ आहेत त्यांनी कुत्र्यांच्या लसीकरणाचा कॅम्प लावला तर दहा बॅनरांपेक्षा जास्त उपयोग होईल.

प्रत्यक्ष बघताना काय करायचं, तर काही नाही. गाडीत असाल तर इंजिन बंद, काचा अर्ध्या, खाली उतरायचं नाही, दार आपटायचं नाही. लांडगा चालत्या गाडीला फारसा भीत नाही पण उभ्या माणसाला भितो. पाठलाग तर अजिबात नको, एकदा तो पळायला लागला की सकाळची शिकार गेली, आणि त्याला रोज मिळतेच असं नाही. ड्रोन आणणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही. कपडे मातकट रंगाचे, बूट, कारण कुसळं सॉक्समध्ये घुसली की दिवसभर तेच काढत बसाल, पाणी भरपूर, आणि दुर्बीण. कॅमेरा नसला तरी चालेल, दुर्बीण हवीच.

माझं सगळ्यात चांगलं दर्शन एका जुलैतलं आहे, ढगाळ सकाळ, कुसळी नुकती वर आलेली. माळटिटव्या ओरडायला लागल्या म्हणून दुर्बीण लावली, तर दीड-दोनशे मीटरवर एक लांडगी उंदराचं बीळ उकरत होती, माती मागं उडतेय, मधेच थांबून कान वाकडा करून ऐकतेय, परत उकरतेय. तेवढ्यात टेकाडामागून मेंढरांच्या घंटा वाजल्या. ती दचकली वगैरे काही नाही, जागेवरच खाली बसली, मग अजून खाली, शेवटी गवतात फक्त दोन कानांची टोकं. कळप तिच्यापासून शंभर पावलांवरून गेला, मेंढका, दोन कुत्री, घोड्यावर लादलेला संसार, कोणाला पत्ता नाही. कुत्री वाऱ्याच्या उलट्या बाजूला होती बहुतेक. सगळे पार गेल्यावर कान वर आले, मग डोकं, ती उठली, अंग झाडलं आणि परत त्याच बिळाशी जाऊन उकरायला लागली. मेंढरांकडे ढुंकूनही बघितलं नाही. मेंढक्याला मी काहीच सांगितलं नाही, बरोबर केलं का चूक ते अजून कळत नाही.

तुमची स्वतःची मेंढरं-शेरडं असतील किंवा गावाकडे भाऊबंदांची असतील तर एवढं करा. वाघूर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, ताणून आणि जरा उंच लावा, सैल जाळीतून लांडगं आत शिरतं, कोकरं-करडं रात्री डालग्याखाली, कुत्री बांधून नाही तर सुटी. तरी नुकसान झालंच तर मेलेलं जनावर हलवू नका, फोटो काढा, ४८ तासांच्या आत फॉरेस्टवाल्यांना कळवा, पंचनामा करून घ्या. मेंढी-बकरीला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळतं, २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे. फिरत्या वाड्यांना हे मिळवणं अवघड जातं, पंचनाम्याला माणूस येईस्तोवर वाडा दोन मुक्काम पुढे गेलेला असतो, तेव्हा तुम्ही माळावर असताना असं काही दिसलं तर फोन लावून द्या, अर्ज भरून द्या, तुमची अर्धी सकाळ जाईल. पण मेलेल्या मेंढरावर विषारी औषध टाकून ठेवणं चालू असेल कुठं तर ते मात्र लगेच कळवा, त्यात लांडगाच नाही, घारी, मुंगसं, तुमचीच कुत्री सगळं मरतं.

परत येताना रात्र झाली तर माळातल्या रस्त्यावर चाळीसच्या वर जाऊ नका, लांडगे रस्ता ओलांडतात ते एकापाठोपाठ, पहिला गेला म्हणजे मागे अजून आहेत.

आणि फोटो. टाका, खुशाल टाका, पण दोन-तीन आठवड्यांनी टाका, फोनमधलं लोकेशन बंद करून, आणि मागे पाण्याची टाकी, देऊळ, टॉवर दिसत असेल तर कापून. कोणी विचारलं की कुठे मिळाला तर मी "पुणे जिल्हा" एवढंच सांगतो. लोक चिडतात, एक तर मला ब्लॉक करून बसलाय. त्याच्याकडे लेन्स माझ्यापेक्षा भारी आहे.